घड्याळाचा एचआरव्ही ५८, पट्ट्याचा ४१: खरा कोणता?

प्रश्न: सकाळी मनगटावरचं घड्याळ एचआरव्ही ५८ दाखवतं, छातीच्या पट्ट्याचं ॲप ४१. ठोके मात्र दोन्हीकडे ६२च. विश्वास कशावर ठेवायचा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: एचआरव्ही म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं त्याचा मिलिसेकंदांतला आकडा. आधी दोन्ही आकडे एकाच सूत्राचे आहेत का ते बघा. ॲपल वॉच एसडीएनएन दाखवतं (सगळी अंतरं सरासरीपासून किती विखुरली आहेत ते), पट्ट्यांची बरीचशी ॲप्स आरएमएसएसडी (लागोपाठच्या अंतरांत किती फरक पडतो ते). ही दोन वेगळी गणितं आहेत, त्यांची तुलनाच करू नये.

सूत्र एकच असेल, तर पट्ट्याचं ऐका. पट्टा हृदयाची विद्युत लहर पकडतो आणि तिचं टोक सुईसारखं असतं. घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडून परत किती येतो ते मोजतं. रक्त वाढलं की प्रकाश जास्त शोषला जातो. ही लहर गोलसर टेकडीसारखी असते, तिचा नेमका माथा ठरवताना काही मिलिसेकंद सहज इकडेतिकडे होतात. शिवाय रक्ताची लाट मनगटापर्यंत पोचायला लागणारा वेळ श्वासाबरोबर आणि रक्तदाबाबरोबर थोडा बदलतो. म्हणजे घड्याळ मोजतं ती नाडीची चंचलता. हृदयाची नव्हे, तिची जवळची नातेवाईक म्हणा.

सगळ्यात मोठा घोळ चुकलेल्या ठोक्याचा. समजा ठोक्यांमधली अंतरं ८१२, ८४५, ८३०, ७९८ मिलिसेकंद आहेत. लागोपाठचे फरक ३३, १५, ३२; त्यांच्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घेतलं की आरएमएसएसडी येतो सुमारे २८. आता शेवटच्या दोन अंतरांमधला ठोका निसटला, तर ८३० आणि ७९८ मिळून १६२८ होतात आणि उत्तर येतं ५५४! घड्याळं असे आकडे गाळतात, पण सगळे सापडतातच असं नाही. मिनिटाच्या सरासरीत मात्र एवढ्याशा चुकीने फारसं बिघडत नाही, म्हणून तुमचे ६२ जुळतात.

मोजायचं असेल तर उठल्यावर लघवी करून या आणि चहाच्या आधी ५ मिनिटं उताणे पडून राहा. पट्ट्याचे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करा. कोरडे राहिले तर सुरुवातीची मिनिटं कचरा येतो. घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, घट्ट पण वळ न उठेल इतपत. थंडीत हात गारठले असतील तर आधी ते ऊबदार करा, आकसलेल्या रक्तवाहिन्यांतून लहर नीट मिळत नाही. बोलू नका, मुद्दाम खोल श्वासही घेऊ नका. एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नका, ७ दिवसांची सरासरी बघा.

मोजणी नीट होऊनही आकडा एकाएकी खूप वाढला आणि बोटांना नाडी अनियमित लागत असेल, तर खूश होऊ नका. अनियमित ठोक्यांनीही एचआरव्ही फुगतो. डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या.

प्रश्न: सावकाश धावायला लागलो की घड्याळ लगेच १७० ठोके दाखवतं, धाप तर लागलेली नसते. (एक वाचक, पुणे)

उत्तर: ती बहुधा तुमची पावलं आहेत. धावताना मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं पडतात, हाताच्या हिसक्याने तीच लय प्रकाशाच्या लहरीत उमटते आणि घड्याळ तिलाच नाडी समजतं. घड्याळाची पट्टी एक भोक आवळा, तरी तेच झालं तर छातीचा पट्टा लावा.