आख्खा लाल भोपळा किती दिवस टिकतो, आणि दोन माणसांनी तो संपवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की गावाहून सहा-सात किलोचा भोपळा आलाय, घरात दोघंच, फ्रिजमध्ये मावत नाही आणि बाहेर सडेल अशी धास्ती वाटतेय. धास्ती सोडा. आख्खा भोपळा फ्रिजमध्ये ठेवायचाच नसतो. त्याला साधारण 10 ते 15 अंशांची कोरडी हवा मानवते. फ्रिज त्याहून थंड, तिथे बरेच दिवस राहिला तर सालीवर मऊ, पाणचट डाग पडतात आणि तिथूनच तो सडायला लागतो.

आमच्या इंदूरच्या घरी तर चोइथराम मंडीतून आख्खा भोपळा आणून हिवाळ्यात ठेवायची रीतच आहे. पिकलेला, देठ शाबूत असलेला भोपळा थंडीत दोन-तीन महिने सहज राहतो. मे महिन्याच्या उन्हाळ्यात तितकी अपेक्षा धरू नका, आणि पावसाळ्यात तर दर दोन-चार दिवसांनी हात फिरवून बघा, कारण दमट हवेत बुरशी पटकन धरते. तुमचा पिकलाय का, हे नखाने कळेल: सालीत नख रुतलं नाही तर पक्का. ठेल्यावर मिळतो तो हिरवा, कोवळा भोपळा मात्र टिकवायचा नसतो, तो आठवड्यात खाऊन टाका.

ठेवताना धुवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. देठ धरून उचलू नका. देठ तुटला की तिथून आत ओल शिरते. नुसत्या फरशीवर न ठेवता जुन्या सुती कापडाची चुंबळ करून तिच्यावर बसवा, म्हणजे खालून वारा लागतो आणि बूड दमट राहत नाही. शेजारी सफरचंदं, केळी नकोत.

खरा प्रश्न आहे तो कापायचा. कापला की मुदत महिन्यांवरून चार-पाच दिवसांवर येते, म्हणून सवड असेल त्या दिवशीच सुरी लावा. आमच्या शेजारच्या मालवी काकू आख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी घरातल्या पुरुषाला लावायला सांगतात, मग पुढे स्वतः चिरतात. रीत पाळा न पाळा, जोर मात्र लागतोच. ओट्यावर ओला नॅपकिन अंथरा, म्हणजे भोपळा सरकणार नाही. सुऱ्याचं टोक देठाशेजारच्या खाचेत रोवा आणि खाचेखाचेने बुडापर्यंत उतरा. अडलं तर सुऱ्याच्या पाठीवर लाटण्याने ठोका. दुसऱ्या बाजूनेही तसंच, मग दोन्ही हातांनी फाकवा. बिया आणि धागे लगेच चमच्याने खरवडून काढा, कुजायला सुरुवात तिथूनच होते. उरलेल्या फोडी कोरड्या करून डब्यात, आता मात्र फ्रिजमध्ये.

पहिल्या दिवशी भाजी करा, सालासकट. तेलात मोहरी, हिंग, मेथीदाणे आणि सुकी मिरची. मेथी लालसर झाली की लगेच फोडी, जळली तर कडू लागते. वर झाकण, झाकणावर पाणी, आत मात्र थेंबही नको. भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, पाच मिनिटांत तळाशी आपोआप रस सुटलेला दिसेल. फोड चमच्याने दबली की मग गूळ आणि आमचूर. आंबट आधी घातलं तर फोडी शिजायला वेळ लावतात. इथल्या भंडाऱ्यांत पुरीबरोबर वाढतात ती भाजी याच वळणाची असते, फक्त तिच्यात बडीशेपही पडते आणि ती थोडी घोटलेली असते. मला विचाराल तर भोपळ्याचा याहून चांगला उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी भरीत: फोडी वाफवून, पूर्ण गार करून दह्यात कालवा. गरम असताना दही घातलं तर पाणी सुटतं.

आणि मोठा वाटा घारग्यांना. दोन वाट्या कीस, एक वाटी चिरलेला गूळ, दोन्ही एकत्र शिजवा. आधी गूळ पातळ होईल, मग मिश्रण आळून कढईची कड सोडेल. गार झाल्यावर वेलदोडा, चिमूटभर मीठ, दोन चमचे तांदळाची पिठी, कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक. वरून पाणी घालायचं नाही, नाहीतर घारगे तेल पितात. थापून वर खसखस दाबा आणि मध्यम आचेवर तळा. गुळामुळे मोठ्या आचेवर बाहेरून काळे पडतात आणि आत कच्चे राहतात. कोरड्या डब्यात तीन-चार दिवस राहतात.

तरीही उरेलच. तो वाफवून, घोटून, पिशवीत चपटा पसरून फ्रीझरमध्ये ठेवा. काढल्यावर पाणी सोडतो, म्हणून भाजीला नको, खिरीला आणि घारग्यांना उत्तम. बिया धुऊन सुकवा, मंद आचेवर तव्यावर भाजा, मीठ लावा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर तो आख्खा भोपळा टाकून द्या. तो कडवटपणा विषारी असतो, शिजवून किंवा गूळ वाढवून जात नाही, आणि त्याने उलट्या-जुलाब होतात.