मराठी फाइलमधली नको ती चिन्हं काढताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पायथनमध्ये विरामचिन्हं काढायला ‘शब्दातली अक्षरं आणि मोकळी जागा सोडून सगळं उडव’ हा नेहमीचा पॅटर्न वापरला. ‘मराठी पुस्तक’चं ‘मरठ पसतक’ झालं. कुठे चुकलं?

पायथनच्या ‘आरई’ या पॅटर्न शोधणाऱ्या मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू (तुमच्या पॅटर्नमधली ‘शब्दातली अक्षरं’) म्हणजे मूळ अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर, एवढंच. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण ही युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, स्वतंत्र चिन्हं आहेत. ‘आरई’ त्यांना शब्दात धरत नाही, त्यामुळे ‘बाकी सगळं’ म्हटलं की तीही जातात. वेगळं इन्स्टॉल करावं लागणारं ‘रेजेक्स’ मॉड्यूल ती शब्दातच धरतं. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे काय ठेवायचं ते न सांगता काय काढायचं त्याची यादी देणं: `[,;!?()“”‘’।॥]`.

या यादीत पूर्णविराम (.) आणि अपूर्णविराम (:) मुद्दाम घेतलेले नाहीत. सरसकट पूर्णविराम काढला तर १२.५ चे १२५ होतात. अपूर्णविरामाचा घोळ याहून मोठा आहे, कारण कितीतरी जण विसर्गाच्या जागी तोच टाइप करतात. दु:ख, अंत:करण, नि:शुल्क हे शब्द तुमच्या फाइलमध्ये असे असतील, तर अपूर्णविरामाबरोबर विसर्गही गेला. म्हणून आधी `:([क-ह])` शोधा आणि त्या जागी खरा विसर्ग व कंसात पकडलेलं अक्षर घाला. १०:३० सारख्या वेळेला याने धक्का लागत नाही, कारण तिथे पुढे व्यंजन नसतं. ‘नाव:राम’ असं मोकळी जागा न सोडता लिहिलेलं मात्र सापडेल, तेव्हा बदल एकेक पाहून करा. ‘स्वत:’, ‘सामान्यत:’ यांत विसर्ग शेवटी येतो. असे शब्द नावानिशी बदलावेत, पॅटर्नवर सोडू नयेत.

प्रश्न : दिसायला सारखे दोन शब्द जुळत नव्हते, म्हणून २००बी ते २००डी आणि एफईएफएफ या युनिकोड क्रमांकांची सगळी अदृश्य चिन्हं एका झटक्यात काढली. आता ‘दऱ्याखोऱ्या’चं ‘दर्याखोर्या’ झालंय.

ही चूक फार ठिकाणी दिसते, कारण अदृश्य चिन्हं काढण्याचे तयार पॅटर्न मराठी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले नसतात. ‘ऱ्या’ दोन प्रकारे साठवलेला असतो. एकात नुक्त्याचा ऱ (०९३१) आणि पाय मोडण्याची खूण (०९४डी) असते. दुसऱ्यात साधा र, ०९४डी आणि पाठोपाठ २००डी हे अदृश्य जोडचिन्ह. ते जोडचिन्ह काढलं की उरतो रफार, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो.

मूळ फाइलवरून पुन्हा सुरुवात करा, आणि क्रम असा ठेवा. आधी ‘र, ०९४डी, २००डी’ या तिघांच्या जागी ‘०९३१, ०९४डी’ घाला. मगच उरलेली २००डी काढा. तिथे फार तर जोडाक्षराची ठेवण बदलते. २००सी हे जोडाक्षर होऊ न देणारं चिन्ह आहे. वाङ्‌मय, उद्‌घाटन अशा शब्दांत ते सापडतं. छपाईच्या मजकुरात ते राहू द्या, शोधयादीसाठी काढा, पण त्याच्या जागी मोकळी जागा घालू नका, नाहीतर ‘उद् घाटन’ होईल. २००बी आणि एफईएफएफ बिनधास्त काढा, फक्त एक्सेलमध्ये उघडायच्या फाइलच्या अगदी सुरुवातीचं एफईएफएफ सोडून. पायथनचं ‘स्ट्रिप’, म्हणजे कडेची मोकळी जागा काढणारं फंक्शन, २००बीला मोकळी जागा मानत नाही, म्हणून ते शब्दाला चिकटून राहतं. ००ए० ही न तुटणारी मोकळी जागा काढायची नाही, तिच्या जागी साधी घालायची. नाहीतर दोन शब्द एक होतील.

शेवटी एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे सुटी चिन्हं शक्य तिथे एकत्र करणारी युनिकोडची प्रक्रिया, चालवा. र आणि नुक्ता वेगवेगळे टाइप झाले असतील तर त्यांचा एक ऱ होतो. मग ‘र्या’ असलेले सगळे शब्द वेगळे काढून नजरेखालून घाला. सूर्या, आर्या ठीक. ‘दुसर्या’ दिसला तर काहीतरी राहिलंय.

प्रश्न : लिनक्सवर ‘टीआर’ या चिन्हं काढण्याच्या आज्ञेने फक्त दंड (।) काढायला सांगितला, तर अख्खी फाइल वाचेनाशी झाली.

लिनक्सवरचा ग्नू ‘टीआर’ अक्षर पाहत नाही, बाइट पाहतो. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, दंड म्हणजे ई०, ए५, ए४ हे तीन बाइट. तुम्ही हे तीन बाइट जिथे दिसतील तिथून काढायला सांगितलं, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर ई०ने सुरू होतं, पुढे ए४ किंवा ए५ येतो. ‘त’ म्हणजे ई०, ए४, ए४, तो पुरता गेला, ‘थ’ही. बाकीच्यांचा शेवटचा बाइट तेवढा उरला, आणि तोच बाइट दोन वेगळ्या अक्षरांचा असू शकतो. ती फाइल दुरुस्त होणार नाही, मूळ प्रतच लागेल.

दंड काढायला ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या प्रोग्रामची बदली-आज्ञा वापरा आणि दंड कंसाविना तसाच लिहा. चौकोनी कंसात लिहायचा असेल तर लोकेल (सिस्टिमची भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग) यूटीएफ-८ आहे ना, ते पाहा. ‘सी’ लोकेलमध्ये कंसातला दंड पुन्हा तीन सुट्या बाइटांत फुटतो.

प्रश्न : सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या फाइलमधला पहिला स्तंभ प्रोग्रामला सापडत नाही, नाव तर बरोबर आहे.

फाइलच्या अगदी सुरुवातीला एफईएफएफ आहे, ते नावाला चिकटलं. पायथनमध्ये फाइल ‘यूटीएफ-८-सिग’ एन्कोडिंगने उघडा. फाइलमधून मात्र ते चिन्ह काढू नका, निदान ती एक्सेलमध्ये कुणी उघडणार असेल तर. त्याच्याविना डबल-क्लिकने उघडलेल्या सीएसव्हीत मराठीच्या जागी बऱ्याचदा कचरा दिसतो.

प्रश्न : वेबपेजचे टॅग काढताना मधला मजकूरही गेला.

`<.*>` हा पॅटर्न ओळीतल्या पहिल्या `<` पासून शेवटच्या `>` पर्यंत सगळं गिळतो. `<[^>]*>` लिहा.

प्रश्न : ‘सेड’ चालवल्यावर फाइल शून्य बाइटची झाली.

आउटपुट त्याच फाइलकडे वळवलंत. ‘सेड’ सुरू होण्याआधीच शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) ती फाइल रिकामी करतं. आउटपुट दुसऱ्या नावाने लिहा, किंवा ‘सेड’चा उणे-आय (`-i`) पर्याय वापरा आणि त्याला लागूनच बॅकअपचं एक्स्टेन्शन द्या, म्हणजे जुनी प्रत शेजारीच राहते.