चूक दुसऱ्यांची, लिबर्टी बंद तुझी

प्रिय कॅडेट,

तुझं पत्र मिळालं. तीन कोर्समेट रात्री भिंत ओलांडून बाहेर गेले आणि अख्ख्या स्क्वॉड्रनची, म्हणजे अकॅडमीतल्या तुमच्या तुकडीची, रविवारची लिबर्टी (बाहेर जायची सुट्टी) बंद, मोबाइल जमा, रात्रीची हजेरी दोनदा. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. तुझा राग रास्त आहे. तो गिळून टाक, असं मी सांगणार नाही.

पण शिक्षा वेगळी आणि नियम वेगळा, एवढं लक्षात घे. दुसऱ्याच्या चुकीसाठी तुला रगडा दिला, म्हणजे अंग मोडेपर्यंत कसरत करायला लावली, तर ती शिक्षा. ती मलाही पटत नाही. हजेरी वाढली तो नियम. विश्वास उडाला की नियम वाढतातच, आणि विश्वास सगळ्यांचा मिळून एकच असतो.

अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकॅडमीत हेच झालं. मे २०२० मध्ये कोविडमुळे कॅडेट घरून कॅल्क्युलसची परीक्षा देत होते. पेपर तपासताना कितीतरी जणांच्या उत्तरांत नेमकी तीच चूक सापडली. ७३ जणांवर कॉपीचा आरोप झाला. ८ जणांना काढलं, ५१ जण वर्षभर मागे गेले. आपल्याकडच्या भाषेत रिलेगेट झाले. तिथे २०१५ पासून एक सोय होती: चूक आपणहून कबूल करणाऱ्याला अकॅडमीत राहून सुधारता यायचं. २०२१ मध्ये तीही बंद झाली. ज्यांनी तोवर अकॅडमीत पाऊलही टाकलं नव्हतं, त्यांचीही ती संधी गेली.

तिथल्या ऑनर कोडमध्ये, म्हणजे कॅडेटच्या आचारसंहितेत, खोटं बोलणं, फसवणं, चोरी यांच्याबरोबर असं वागणाऱ्याला खपवून घेणंही निषिद्ध आहे. म्हणून विचारतो, ते तिघे जाणार हे तुला आधी माहीत होतं का? उत्तर मला कळवू नकोस. माहीत असूनही गप्प बसला असशील, तर त्या रागाचा थोडा वाटा तुझ्याही नावावर आहे.

आता काय करायचं? त्या तिघांना रात्री गाठून कोणी ‘धडा’ शिकवायला निघालं, तर त्यात तू नसावास. थांबवता आलं तर थांबव. ज्युनियरवर राग काढू नकोस, त्यांचीही लिबर्टी गेलीच आहे. काही आठवडे हजेरीत एकही चूक होऊ देऊ नका. मग स्क्वॉड्रन कॅडेट कॅप्टनला (तुमच्यातल्या प्रमुख कॅडेटला) बरोबर घेऊन डिव्हिजनल ऑफिसरांना, म्हणजे तुमच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, भेट. अन्याय झाला, हा पाढा तिथे वाचू नकोस. लिबर्टी कोणत्या अटींवर परत मिळेल, एवढंच विचार, आणि त्या अटी स्क्वॉड्रनच्या नोटीस बोर्डावर लावायची परवानगी माग.