पायपुसण्यावर वारली चौक छापला, चुकलं का?

प्रश्न: ताई, मी घरून कुर्त्या, कुशन कव्हर, पायपुसणी विकते. यंदा वारली प्रिंट केलं, त्यात मधे चौकोनी नक्षी असलेलं एक डिझाइन नेटवरून घेतलं. तलासरीकडच्या एका वारली मुलीचा मेसेज आला की हा आमच्या देवीचा चौक आहे, पाय पुसायला नाहीये. मला फार वाईट वाटलं. पण वारली तर सगळेच वापरतात ना? कायद्याने चूक आहे का हे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी ती पायपुसणी विकायची थांबवा, आजच. कायद्याचं नंतर बघू.

तुम्ही जी नक्षी म्हणताय तो लग्नचौक असणार. वारल्यांच्या घरी लग्न असलं की भिंत शेणाने सारवून, गेरू लावून त्यावर तांदळाच्या पिठाने सवाशिणी हा चौक लिहितात, हो, लिहितातच म्हणतात, आणि मधे बसते पालघट देवी, सगळं पिकवणारी, फळवणारी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुजारीण, गाणी म्हणत लग्न लावते, तीही बाईच, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे आपल्याकडे देव्हाऱ्यात जे असतं ते तुम्ही नकळत उंबऱ्याबाहेर टाकलंत. मुलगी बरोबर बोललीये, तिला उलट उत्तर दिलं नसेल अशी आशा करते.

आता कायदा. वारली चित्रकलेला 2014 मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, आदिवासी युवा सेवा संघाने धडपडून मिळवलाय तो. पण जीआय नावाला जपतो, त्रिकोणी अंगाची माणसं आणि तारपा या वाद्यावरचा नाच काढायला तो कुणाला अडवत नाही. कॉपीराइटचंही तसंच, त्याला एक लेखक किंवा चित्रकार लागतो आणि त्याच्या मरणानंतर 60 वर्षांनी तो संपतो, पण आज्यापणज्यांपासून गावच्या बायका जे काढत आल्या त्याचा एकटा मालक कोण दाखवणार? इथेच सगळी गोम आहे, कायदा एकट्याच्या मालकीचा विचार करतो आणि ही कला अख्ख्या समाजाची आहे, त्यामुळे मशीनवर छापणारा मोकळा सुटतो. म्हणून नुसतं "कायद्याने चालतं ना" हे मला पुरेसं वाटत नाही.

मग वारली सोडूनच द्यायचं का? मुळीच नाही. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी 1970 च्या दशकात हे भिंतीवरचं चित्र कागदावर आणलं, शेत, मासेमारी, मुंग्या, रोजचं जगणं काढलं, जगभर नेलं, 2011 मधे पद्मश्री मिळाली. कागदावर, कापडावर वारली विकायला वारली चित्रकारच काढतायत, त्यांना गिऱ्हाईक हवंच आहे. तेव्हा नेटवरून उचलण्याऐवजी डहाणू, जव्हार, विक्रमगडकडच्या एखाद्या चित्रकाराकडून डिझाइन काढून घ्या, बाई असेल तर फारच छान, कारण चौक लिहिणाऱ्या बायकाच आणि नाव मात्र पुरुषांचं जास्त झालं. एकदाचे पैसे देऊन मोकळं होऊ नका, जेवढे नग छापाल त्यावर काहीतरी ठरवा आणि कागदावर लिहून घ्या. काय छापायचं, कशावर छापायचं नाही, हे त्यांनाच विचारा. "ट्रायबल प्रिंट" असं टॅगवर लिहू नका, चित्रकाराची परवानगी घेऊन त्याचं नाव आणि गाव लिहा.

आणि त्या मुलीला आज मेसेज करा, माफी मागा. उरलेल्या मालाचं काय करायचं तेही तिलाच विचारा, ती म्हणेल ते नुकसान सोसा.