रात्री दोनचा भुंकणारा खोकला

अगं, तुझ्या बाळाला रात्री कुत्र्यासारखा भुंकणारा खोकला येतोय म्हणालीस ना, तो आवाज पहिल्यांदा ऐकला की काळजात धस्स होतंच. आमचा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता, वाटलं खोलीत कुत्र्याचं पिल्लूच शिरलंय! याला क्रूप म्हणतात. बहुतेकदा पॅराइन्फ्लुएन्झा विषाणूमुळे स्वरयंत्राजवळ सूज येते, म्हणून अँटिबायोटिकचा हट्ट धरू नकोस. आधी बाळाला कडेवर घे, रडू देऊ नकोस; रडलं की श्वास आणखी अडतो. वाफ मुळीच नको, पोरं भाजतात. डॉक्टर बहुधा डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या औषधाचा एकच डोस देतात. मात्र शांत असतानाही श्वास घेताना घर्र आवाज आला, बरगड्यांखाली खड्डा पडला, लाळ गळू लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न बघता थेट इस्पितळ गाठ.