स्वमग्न भाऊ आता मोठा झाला आहे. त्याला कोणत्या डॉक्टरांकडे न्यावे?

तुमचा भाऊ २४ वर्षांचा आहे, बालरोगतज्ज्ञांनी आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितले आहे आणि ज्या दोन ठिकाणी तुम्ही गेलात तिथे त्याला न तपासताच मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी दिली, मग न्यायचे कुठे, असे तुम्ही विचारले आहे. माझा धाकटा भाऊही स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला, आहे, ३१ वर्षांचा आहे आणि फारसा बोलत नाही.

स्वमग्न प्रौढांचा खास तज्ज्ञ शोधण्यात आम्ही दोन वर्षे घालवली. ती वाया गेली असेच आज मला वाटते. मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही १८ वर्षांपर्यंतच आहे, पुढे तशी ठरलेली वाट नाही. त्यापेक्षा घराजवळचा, ऐकून घेणारा एक साधा फॅमिली डॉक्टर धरून ठेवावा आणि पुढची चिठ्ठी त्याच्याकडूनच घ्यावी.

चार वर्षांपूर्वी भाऊ अचानक स्वतःच्या गालावर बुक्क्या मारू लागला, रात्र रात्र जागू लागला. एका डॉक्टरांनी दारातूनच पाहून 'यांच्यात हे असायचेच' असे म्हणत झोपेची गोळी वाढवली. तीन आठवड्यांनी आईच्या लक्षात आले की तो वरणभात निमूटपणे खातो, भाकरी मात्र बाजूला सारतो. अक्कलदाढ आडवी येऊन हिरडी सुजली होती. तेव्हापासून वागण्यात एकाएकी बदल दिसला की आम्ही आधी दात, कान, पोट आणि लघवी तपासून घेतो. बद्धकोष्ठता तर हटकून विचारावी. मनाच्या औषधांचा विचार त्यानंतर.

दवाखान्यात जाण्याची तयारी घरीच करावी लागते. रक्त काढताना दंडाला बांधतात तसला रबरी पट्टा आम्ही मेडिकलमधून आणला आणि पंधरा दिवस रोज संध्याकाळी, चहाच्या आधी, आधी बाबांच्या आणि मग त्याच्या दंडाला बांधला. सोळाव्या दिवशी लॅबमध्ये त्याने हात स्वतःहून पुढे केला. सकाळचा पहिला नंबर फोनवर मागून घ्यावा, आणि गर्दी असेल तर आत बोलावेपर्यंत रिक्षातच बसून राहावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ मध्ये तपासणी आणि उपचारांत प्राधान्य देण्याची तरतूद आहे. ते कलम काउंटरवर कुणाला ठाऊक नसते, पण वैश्विक ओळखपत्राची (दिव्यांगांचे सरकारी यूडीआयडी कार्ड) झेरॉक्स पुढे केली की बोलण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे. ते कार्ड नसेल तर आधी तेवढे काढा.

राष्ट्रीय न्यासाची, म्हणजे ऑटिझमसारखे अपंगत्व असलेल्यांसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेची, निरामय ही आरोग्य विमा योजनाही घ्यावी. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, वयाची अट नाही, विम्याआधी वैद्यकीय तपासणी नाही आणि बाह्यरुग्ण उपचारही त्यात धरलेले आहेत. मात्र निरनिराळ्या खर्चांना पोटमर्यादा आहेत आणि पैसे आधी आपण भरून मग मागायचे असतात, त्यामुळे प्रत्येक बिल जपून ठेवावे लागते.

संमतीपत्रावर सही कोणाची, हा प्रश्न भूल देण्याच्या वेळी हमखास येतो. १८ पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालक नेमून घेण्यासाठी अर्ज करता येतो. पण घाईने तो करू नका. तुमचा भाऊ मोबाइलवर लिहून सांगतो असे तुम्ही म्हटले आहे, तेव्हा कुठे दुखते, कोणता स्पर्श आणि कोणता आवाज सहन होत नाही, आत कोणी सोबत हवे, हे एका पानावर त्यालाच लिहू द्या, आणि ते पान डॉक्टरांच्या हातात त्यालाच देऊ द्या.