स्टॅटिस्टिक्स आधी की सेमिनार?

प्रश्न: सर, मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये (संस्थांमधल्या माहिती-प्रणालींचा अभ्यास) पीएचडी सुरू केलीये. आधीचं शिक्षण कॉम्प्युटरचं, स्टॅटिस्टिक्स कच्चं. दोन वर्षं कोर्सवर्क आणि मग कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे सगळ्या कोर्सवर्कवरची एकत्र परीक्षा. विषय कसे लावू?

उत्तर: स्टॅटिस्टिक्स पहिल्याच सेमिस्टरला घे, टाळू नकोस, कारण रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजणं) नीट कळलं नसेल तर पुढे स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग (असे अनेक संबंध एकदम तपासणं) डोक्यावरून जातं आणि मग सेमिनारमधल्या रिसर्च पेपरचे नुसते निष्कर्ष वाचून पुढे जायची सवय लागते. रिसर्च मेथड्सचा कोर्स त्याच्या पाठोपाठ. प्रोग्रामिंगचे जास्तीचे विषय नकोत, कॉम्प्युटरवाले तिथेच लपून बसतात (मीही बसलो होतो).

परीक्षेत रिसर्च पेपरात काय लिहिलंय एवढंच विचारत नाहीत, विचार कसा सरकत गेला ते विचारतात. म्हणजे बघ, डेव्हिसने 1989 साली टेक्नॉलॉजी अ‍ॅक्सेप्टन्स मॉडेल (लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात ते सांगणारं) मांडलं, उपयोग वाटणं आणि वापरायला सोपं वाटणं या दोनच गोष्टींवर, मग 2003 मध्ये वेंकटेश वगैरे मंडळींनी आठ मॉडेल्स एकत्र करून यूटॉट (UTAUT, तंत्रज्ञान स्वीकारण्याचं एकत्रित मॉडेल) का आणलं? डीलोन-मॅक्लीननी माहिती-प्रणाली यशस्वी कधी म्हणायची याच्या 1992 च्या मॉडेलमध्ये 2003 ला सर्व्हिस क्वालिटी का घातली? हे जोडता आलं पाहिजे. त्यासाठी पेपर वाचला त्याच दिवशी एक पान लिही: प्रश्न, थिअरी, डेटा, आणि तुला न पटलेलं. शेवटचा मुद्दा सगळे सोडून देतात, खरं तर तोच कामाला येतो.

टर्म पेपरचे विषय प्रबंधाच्या प्रपोजलच्या आसपासचेच निवड. आणि कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये नापास झालं तर दुसरी संधी मिळते का, ते डिपार्टमेंटकडून आत्ताच लेखी घेऊन ठेव.